चार अंशांचं शून्य

रबाळ्याच्या एमआयडीसीत, टायरच्या गोदामामागे,
दुसऱ्या मजल्यावर मी ट्राउट सांभाळते.
मासा नव्हे.
माशाच्या कल्ल्यातून कधीकाळी सुटलेल्या पेशी,
ज्यांना सुटल्याचं अजून कोणी कळवलेलं नाही.
आडव्या बाटलीत, गुलाबी पाण्याखाली,
एका पेशीच्या जाडीचा थर.
त्यांच्या मूळ पुरुषाने बर्फाचा ओढा पाहिला असेल.
यांनी पाहिला तो इन्क्युबेटरचा हिरवा दिवा.

पद्धत ठरलेली आहे.
ल्यूसीनला किरणोत्सारी खूण करायची,
पेशींना वाढायचं, दहा मिनिटं थांबायचं,
मग गार पाण्याने तीनदा धुऊन
यंत्राला विचारायचं: आत किती गेलं?

माणसाच्या पेशी चार अंशांवर नेल्या
की त्यांची दारं उघडता उघडता थिजतात.
तेव्हा येणारा आकडा जेवणाचा नसतो,
ओठांना लागलेल्या खरकट्याचा असतो.
तो आम्ही वजा करतो.
वहीत त्या रकान्याच्या डोक्यावर लिहितो: शून्य.

ट्राउटलाही मी तोच नियम लावला.
आठ महिने.

एका संध्याकाळी पगाराच्या चौकशीला खाली गेले
आणि बर्फावरची ताटली तशीच राहिली, दोन तास.
परत येऊन मोजलं, तर शून्य वाढलेलं.
पुन्हा मोजलं.
शून्य वाढत नसतं, एवढं गणित मला येतं.
म्हणजे आठ महिने मी त्यांच्या ताटातला घास
त्यांच्याच हिशेबातून वजा करत होते.

डालडा गोठतो, करडईचं तेल गोठत नाही,
एवढ्यावर हे सगळं तोललेलं आहे.
पेशीची भिंत स्निग्धाची.
सरळ साखळ्या थंडीत खेटून उभ्या राहतात, घट्ट होतात.
थंड पाण्यातला मासा साखळीला मध्येच वाक देतो,
बाजारात कोपरं बाहेर काढून बसलेल्या बायकांसारखा.
शेजारणीला चिकटायचं नाही, जागा सोडायची नाही.
त्या फटीमुळे भिंत मऊ राहते,
आणि मऊ भिंतीत दार फिरतं.
सावकाश.
एक ल्यूसीन आत. मग बराच वेळ काही नाही.
मग आणखी एक.

मे महिन्यातल्या एका शुक्रवारी वीज गेली.
जनरेटर दोनदा खोकला आणि बसला.
अठरा. बावीस. सव्वीस.
थंडीत जेवणाऱ्या पेशी
आपल्या उन्हाळ्यात किती टिकतात, ते मला माहीत होतं.
तीन बाटल्या डब्यात घातल्या, स्कूटर काढली,
ऐरोलीच्या दिवा कोळीवाड्यात नामूआत्याचं दार वाजवलं.

तिच्या पेटीत बर्फ होता, बर्फावर बोंबील,
खाली दोन जिताडे, उघड्या डोळ्यांचे.
त्यांना बाजूला सारून मी बाटल्या निजवल्या.
"काय गो यो? सरबत?"
मासा आहे, म्हटलं.
"मंग डोकं कुठं हाय?"
डोकं नाही. पण जिवंत आहे. खातोय.
आत्याने जिताड्याकडे पाहिलं, मग बाटलीकडे.
पन्नास वर्षं तिने बर्फावर मासा ठेवलाय,
बर्फावरचा कुठलाच मासा तिला कधी जेवताना दिसला नव्हता.
"या थंडीत?"
हो. हळूहळू.
ती काही बोलली नाही.
मात्र झाकण लावताना, इतर वेळी आपटते तसं
आपटलं नाही.

साडेसहाला वीज आली. परत निघाले,
तेव्हा आत्या म्हणाली, बर्फाचे वीस रुपये झाले.
तीनपैकी दोन बाटल्या वाचल्या.
तिसरीचं कारण कळलेलं नाही.

वहीत रकान्यावरचं शून्य खोडलंय.
तिथे काय लिहावं ते ठरायचंय.
खाली तारीख, तापमान,
आणि खर्चाच्या जागी:
बर्फ, वीस.